मधलं बघणाऱ्या बाई

दिवाळीच्या संध्याकाळी सगळी दिल्ली दिवे बघत असते. आमच्या बाई दिवे आणि आपण यांच्या मधला धूर बघायच्या. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. तिथल्या गॅलरीत पदर नाकाला लावून त्या उभ्या राहत आणि समोरच्या रोषणाईकडे बोट करून मला विचारत, "निळे दिवे फिके पडलेत, लाल तसेच आहेत. दिवे तर कालचेच आहेत. मग मधे काय आलंय, सांग." माझ्या हातात चकली असायची आणि सणासुदीला तरी तोंडी परीक्षा नको, असं मला मनापासून वाटायचं. बाई महाराष्ट्रातल्या नगरच्या ख्रिस्ती घरातल्या, त्यांचा सण नाताळचा. तरी शेजाऱ्यांकडून आलेला फराळ त्या माझ्यासाठी राखून ठेवत आणि तो मी खात असताना असे प्रश्न विचारत.

बाई माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. संस्थेत सगळे त्यांना मॅडम म्हणत. पहिल्या दिवशी मीही म्हणाले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनाव मराठी आहे तुझं. घरी काय बोलता?" मी म्हणाले, "मराठीच, बिल्कुल मराठी." त्या हसल्या नाहीत. "मग बाई म्हण. बिल्कुल." मी फरीदाबादची. बाबा तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर, शेजारी पंजाबी, शाळा हिंदीची. आईच्या स्वयंपाकघरापुरती मराठी मला यायची, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी सुरू. आज मी हे जे सरळ मराठीत लिहिते आहे, ते बाईंचं देणं आहे आणि ते सुखासुखी मिळालेलं नाही.

बाईंचं काम क्वेसारच्या प्रकाशावर होतं. क्वेसार म्हणजे फार दूरच्या आकाशगंगेच्या पोटात पेटलेला अतिशय प्रखर दिवा. जगभरची माणसं त्या दिव्यामागे लागलेली असतात. बाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत, आकाशगंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वायूचे विरळ ढग लागतात. त्यांतलं प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातले आपापले ठरलेले रंग गिळतं. इथे दुर्बिणीत तो प्रकाश पसरून लांब पट्टा केला की गिळलेल्या रंगांच्या जागी काळ्या रेघा दिसतात. कोणती रेघ कुठे आहे आणि किती गडद आहे, यावरून वाटेतल्या ढगात काय होतं ते कळतं. पुस्तकात त्यांना शोषणरेषा म्हणतात. बाई नुसतं रेघ म्हणायच्या. "दिवा बघू नकोस, मधलं बघ," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की एकदा मेट्रोत समोरचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, तेव्हा मला तेच आठवून हसू आलं.

आणि मधल्या ढगांतही बाईंना हवा होता एकच ढग. कोरा. हायड्रोजन हा विश्वाच्या सुरुवातीपासूनचा. कार्बन, लोखंड वगैरे मात्र ताऱ्यांच्या पोटात शिजतं आणि तारा मेला की राखेसारखं चहूकडे उडतं. ज्या ढगात हायड्रोजन आहे पण कार्बनचा कणही नाही, तिथे आजवर एकाही ताऱ्याची राख पोचलेली नाही. घडी न मोडलेल्या साडीसारखा ढग. बाईंनी सगळी नोकरी असा ढग शोधण्यात घालवली होती. एखादा सापडतोय असं वाटायचं आणि कोपऱ्यात कुठे तरी कार्बनची पुसट रेघ निघायची. मग त्या कागद बाजूला ठेवून म्हणायच्या, "इथेही कोणी तरी शिंपडून गेलंय." तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा, आणि तो लपवण्यासाठी त्या चहा करायला उठायच्या.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या खोलीत मला आठवड्याचं काम सांगावं लागे, आणि ते मराठीत. "इंग्रजीत न समजलेलंही समजल्यासारखं वाटतं. मराठीत सांग." मी सुरुवातीला रडकुंडीला यायचे. वाक्य सुरू करायचे मराठीत, मधे हिंदीचा टेकू घ्यायचे आणि शेवटी इंग्रजीत कोसळायचे. बाई शांतपणे म्हणायच्या, "परत. आणि सावकाश." वैताग यायचा. बाकीची मुलं स्लाइड दाखवून दहा मिनिटांत मोकळी होत आणि कँटीनमध्ये मला चिडवत, "आज फिर मराठी का पेपर था?" पण ज्या वाक्याला मी अडखळायचे, तिथेच नेमकं माझं काही तरी चुकलेलं असायचं, हेही मला हळूहळू कळायला लागलं होतं.

माझ्या पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी, जूनमध्ये, बाहेर लूचे गरम वारे वाहत असताना, मी त्यांच्या खोलीत जवळजवळ नाचत गेले. चिलीच्या वाळवंटातल्या मोठ्या दुर्बिणीने एप्रिलमध्ये आमच्यासाठी एका क्वेसारचा प्रकाश टिपला होता. त्याच्या वाटेतल्या एका ढगात हायड्रोजन भरपूर होता, आणि कार्बनची जागा रिकामी होती. लख्ख रिकामी. मी तो पट्टा टेबलावर पसरला. बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "आता सांग, कसं केलंस."

मी सांगायला लागले. प्रकाश कसा पसरला, मोजमापातला गोंगाट कसा कमी केला. "मग हवेच्या रेघा पुसल्या."

"कुठल्या हवेच्या?"

"आपल्या, बाई. पृथ्वीच्या. प्रकाश शेवटी आपल्याच हवेतून खाली येतो ना, तर ऑक्सिजनच्या रेघा पडतातच. जवळच्या एका ताऱ्याच्या प्रकाशाशी ताडून त्या काढून टाकल्या."

बाईंनी कप खाली ठेवला. "कार्बनची रेघ कुठे यायला हवी होती?"

मी जागा दाखवली.

"पुसण्याआधी तिथे काय होतं?"

"ऑक्सिजनची रेघ. पण ती आपली आहे."

"सगळी आपली?"

मी पट्टा पुन्हा पाहिला. कार्बनच्या रेघा जोडीने येतात, म्हणजे दुसरीवरून पहिलीचा पत्ता लागायला हवा. पण या जोडीतली दुसरी एका वेगळ्याच ढगाच्या जाड रेघेखाली दडली होती आणि पहिली पडणार होती बरोबर आपल्या ऑक्सिजनच्या रेघेवर. ती खरंच नव्हती, की ऑक्सिजनबरोबर मीच पुसून टाकली होती, हे सांगायला काही उरलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "केर काढताना कुडी केरात गेली की नाही, ते बघायला हवं." मला कुडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यांनी कानातली काढून माझ्या तळहातावर ठेवली. नेहमी मोठी वाटायची, हातावर अगदी लहान दिसली.

उपाय एकच होता, थांबायचं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना एप्रिलमध्ये त्या क्वेसारपासून दूर चालली होती. हिवाळ्याच्या तोंडाशी ती त्याच्या दिशेने जाणार होती. त्यामुळे दुरून आलेल्या सगळ्या रेघा पट्ट्यावर किंचित सरकणार. आपल्या हवेच्या रेघा आपल्याबरोबरच फिरत असतात, त्या जागच्या हलणार नाहीत. कार्बनची रेघ ऑक्सिजनच्या पोटात लपलेली असेल, तर तेव्हा ती बाजूला येईल. बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं, "हलली तर तिथली. नाही हलली तर इथली."

माझी शिष्यवृत्ती हिवाळ्यात संपत होती. परदेशातल्या एका जागेसाठी माझं नाव पुढे होतं आणि ते या ढगावरच्या पेपरच्या, म्हणजे शोधनिबंधाच्या, जोरावर होतं. माझा तोल गेला. "क्या यार, बाई!" असं मी म्हणाले आणि जीभ चावली. बाई म्हणाल्या, "यार म्हण हवं तर. पेपर डिसेंबरनंतरच."

मी हिशेब मांडून पुन्हा भांडायला गेले. समजा, कार्बन लपला असेलच, तर तो किती असणार? इतका थोडा, की असला काय आणि नसला काय. "एवढ्याशाने काय फरक पडतो, बाई?" त्यांनी माझा कागद मला परत दिला. "लहान आहे हे उत्तर नाही. आहे की नाही, ते सांग." असं काही बोलताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. म्हणून तर जास्त राग यायचा.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट झाली. एका परिषदेत परदेशी गटाचं पोस्टर लागलं आणि त्यावर आमचाच क्वेसार होता. आमचे विभागप्रमुख ते बघून थेट बाईंच्या खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. वर्षभर वरच्यांना जबाब द्यावा लागणारा माणूस होता, इतकंच. "मॅडम, हम वेट करते रहेंगे और वो लोग छाप देंगे। बच्ची का करियर है।" बाई म्हणाल्या, "ग़लत छप गया तो भी बच्ची का ही करियर है।" ते माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे बघत राहिले, कारण मनातून मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची होते.

बाईंच्या छातीचं दुखणं मला माहीत होतं, पण ते किती वाढलंय हे मला त्यांच्या धाकट्या बहिणीने, निर्मलामावशींनी सांगितलं. दोघी बहिणी अविवाहित. मावशी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होत्या आणि ते घर त्यांच्या नोकरीचं होतं. त्या मोजून बोलणाऱ्या, फायलींवर शेरा मारल्यासारखं बोलणाऱ्या. सप्टेंबरमध्ये एकदा मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर त्यांनी दार लोटून घेतलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळीच्या आधी दिल्ली सोडा. फुप्फुसं आवळत चालली आहेत तिची. हा हिवाळा इथे काढायचा नाही. नगरला घर आहे, भाऊ आहे. ती का जात नाही, माहीत आहे तुला?"

मी नकाराची मान हलवली.

"ती रजेवर गेली की नियमाने तू तुमच्या साहेबांच्या हाताखाली जाणार. आणि ते दुसऱ्या दिवशी तुझा पेपर पाठवणार. म्हणून ती बसली आहे इथे. एका रेघेपायी."

मी तशीच खोलीत गेले आणि बाईंना म्हणाले, "छापून टाकू या. माझ्यासाठी नाही, तुम्ही नगरला जा म्हणून." बाई पट्ट्यावरून नजर न उचलता म्हणाल्या, "निर्मलाने दार लोटलं तेव्हाच ओळखलं मी. तिचं ऐकू नकोस. आणि तुझंही ऐकू नकोस." मला त्या वेळी त्यांचा विलक्षण राग आला आणि त्याच वेळी त्यांच्या पायाशी बसून राहावंसं वाटलं.

दिवाळी गेली आणि हवा बसली. ज्यांनी दिल्लीतला नोव्हेंबर काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेतातला धूर, फटाक्यांचा धूर, गाड्यांचा धूर, आणि सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत नाही. बाई संस्थेत येऊ शकत नव्हत्या. त्यांच्या पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र आलं. ते दिवसभर घरघरत असे आणि त्याची नळी बाईंच्या नाकात असे. पहिल्यांदा ती नळी बघून माझा चेहरा पडला, तर बाईच हसल्या. "गंमत बघ. तिकडे ऑक्सिजन मधे मधे येतोय आणि इकडे पुरत नाही." हसता हसता ठसका लागला आणि तो थांबेना. मावशी धावत आल्या. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि माझं काहीच काम नव्हतं.

दुर्बिणीचं काम आपल्या हातात नसतं. आपण मागणी नोंदवायची, तिथले लोक आकाश चांगलं असेल तेव्हा आपला नंबर लावतात, आणि आपण सकाळी उठून त्यांच्या संकेतस्थळाच्या पानावर बघायचं. रोज तेच दिसायचं, प्रतीक्षेत. एकदा निरीक्षण सुरू झालं आणि वारा वाढला म्हणून अर्ध्यात सोडलं. मग ढग आले. चिलीच्या वाळवंटात, जिथे वर्षात नावालाही पाऊस पडत नाही, तिथे आमच्याच नशिबाने ढग. डिसेंबर सरला की पृथ्वीचा वेग वळायला लागणार, रेघ हलली तरी पुरेशी हलणार नाही, आणि मग पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबा. पुढचा हिवाळा कोणाचा आहे, हे आमच्यापैकी कोणी बोलत नव्हतं. मी सकाळी फोन करायचे. मावशी उचलायच्या आणि "आहे" एवढंच म्हणायच्या. मग बाईंचा आवाज यायचा, "झालं का?" मी म्हणायचे, "नाही, बाई."

त्यातच परदेशी गटाचा पेपर आला. मथळ्यातच होतं, कोरा ढग सापडला. विभागप्रमुखांनी मला बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "देख लिया? हो गया ना?" मला रडू आलं ते मी जिन्यात रडले. परदेशातल्या जागेकडूनही पत्र आलं, फार सभ्य भाषेत, की सध्या त्यांना पुढे जाता येत नाही. मी त्यांचा पेपर प्रिंट करून बाईंकडे नेला आणि पलंगावर जवळजवळ आपटला. बाईंनी तो सगळा वाचला. दम लागायचा म्हणून पान उलटताना थांबत थांबत. शेवटी एका आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "यांनीही वसंतातच बघितलंय. यांनीही पुसलंय." त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. मला तेव्हा तो हवा होता.

मावशींनी तिकिटं काढली. नाताळ झाला की नगर. बाईंनी वाद घातला नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी बाई तिकिटं बघून नुसती "बरं" म्हणाली, तेव्हा मी तिकिटं उचलून त्यांवरची तारीख पुन्हा पाहिली.

नाताळच्या आदल्या सकाळी पानावरचा शब्द बदललेला होता. पूर्ण.

आता बाईंचा एक नियम सांगायला हवा. नवी निरीक्षणं आली की आम्ही दोघी ती वेगवेगळी बघायचो आणि आपलं उत्तर पक्कं होईपर्यंत एकमेकींना काही सांगायचं नाही. एकीने सांगितलं की दुसरीला तेच दिसायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी घरी बसून दुपारपर्यंत काम केलं. हवेच्या रेघा या वेळी पुसल्या नाहीत, तशाच ठेवल्या. एप्रिलचा पट्टा वर, डिसेंबरचा खाली. बघितलं. परत बघितलं. मग लॅपटॉप पिशवीत घातला आणि फरीदाबादहून मेट्रो पकडली. संपूर्ण प्रवासात मी ती पिशवी पोटाशी धरून बसले होते, जणू आत दूध आहे आणि ते सांडेल.

दार मावशींनी उघडलं. घरात करंज्यांचा वास होता आणि दारावर कागदी तारा लावलेला होता. "काय निघालं?"

"मावशी, मला सांगता येत नाही. बाईंनी आधी बघायचं असतं."

"अजून तुमचे नियम!" असं म्हणून त्यांनी वाट सोडली. त्यांचे हात पिठाने भरलेले होते आणि डोळे लाल होते.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. आठवड्याभरात आणखी वाळल्या होत्या. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी हात वर केला. "काही बोलू नकोस. लॅपटॉप दे आणि खिडकीकडे तोंड कर. तुझा चेहरा फार बोलतो."

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. बाहेर काही नव्हतं, राखाडी होतं सगळं. मागे यंत्राची घरघर, बाईंचा तुटक श्वास आणि मधूनमधून बोटाची टकटक. मला उत्तर माहीत होतं. आयुष्यभर या माणसाने काय शोधलं तेही माहीत होतं. आणि पुढच्या मिनिटभरात त्यांना काय दिसणार आहे, तेही. मी खिडकीच्या गजाला धरून ठेवलं. बाईंचा श्वास मधेच थांबला. टकटकही थांबली. मला वळून बघायचं होतं आणि मी वळले नाही.

"मीनल."

मी वळले.

"हलली," बाई म्हणाल्या.

ऑक्सिजनची रेघ जिथल्या तिथे होती. तिच्या बाजूला, अगदी अंग चोरून, दुसरी एक पुसट रेघ उभी होती. एप्रिलमध्ये तिच्या पोटात असलेली, मी पुसून टाकलेली. कार्बन होता. ढग कोरा नव्हता. मी मान हलवली आणि मग मला आवरेना. जमिनीवर बसून मी लहान मुलीसारखी रडले. माझ्यासाठी रडले, पण त्याहून जास्त त्यांच्यासाठी.

बाईंनी खाली हात सोडून माझ्या डोक्यावर ठेवला. "रडतेस कशाला? चूक छापली नाही आपण." मग बराच वेळ दम घेतला. "मला वाटायचं, कुठे तरी कोणीच पोचलेलं नसेल. सगळा जन्म तेच वाटलं. पण एवढ्या लांब, एवढ्या रिकाम्या जागी... तिथेही कोणी तरी होऊन गेलंय, मीनल." त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता. मी मुद्दाम बघितलं. त्या चहा करायला उठणार नव्हत्या, उठू शकत नव्हत्या, म्हणजे लपवायलाही जागा नव्हती. त्या खरंच खूश होत्या.

"आता त्या लोकांना मेल टाक. आपला पेपर नंतर."

"त्यांनी आपल्याला कळवलं होतं का?" मी फणकारले.

"ते त्यांचं. त्यांच्यातही कोणी तरी तुझ्यासारखी असेल. तिला पेपरमधून कळायला नको."

मावशी दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला. "म्हणजे झालं ना काम?"

"झालं," बाई म्हणाल्या.

"मग गोळी घे."

निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. सोबत लहान सिलिंडर होता, चाकांची खुर्ची होती, आणि हमालांशी हिंदीत हुज्जत घालणाऱ्या मावशी होत्या. गाडी सुटायच्या आधी बाईंनी मला जवळ बोलावून सांगितलं, "प्रबंध इंग्रजीत द्यावा लागेल. पण आधी मराठीत लिही. मग आपोआप नीट होईल." एवढंच. गळाभेट वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. गाडी गेली तरी मी फलाटावर उभी राहिले, आणि शेवटच्या डब्याचा लाल दिवा धुक्यात कधी गेला ते कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाई नगरलाच वारल्या. शेवटचे चार महिने त्यांनी चांगल्या हवेत काढले, असं मावशी म्हणाल्या. थोडं आधी आल्या असत्या तर, हे त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला ते ऐकू आलं. आमचा पेपर निघाला. परदेशी गटाने आपला दावा मागे घेतला आणि तिथल्या एका मुलीने मला स्वतंत्र मेल करून आभार मानले. ती माझ्यासारखीच होती, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाची. मला पुढे नोकरी मिळाली ती दिल्लीतच. आता शुक्रवारी माझ्या खोलीत विद्यार्थी येतात आणि मी त्यांना त्यांच्या घरच्या भाषेत काम सांगायला लावते. रोहतकचा एक आहे, तो हरियाणवीत सांगतो तेव्हा क्वेसारची भीती वाटायला लागते. एक मुलगी मल्याळममध्ये सांगते. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण ती अडखळली की बरोबर कळतं.

परवा निर्मलामावशींचा फोन आला. त्या निवृत्त झाल्या, घर रिकामं करायचं होतं, बाईंची पुस्तकं घेऊन जा म्हणाल्या. मी गेले. खोक्यांच्या मधे एकच खुर्ची उरली होती, तीवर त्या बसल्या होत्या. पुस्तकं बांधून झाल्यावर मी निघाले, तर म्हणाल्या, "थांब. ती रेघ आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"दाखव मला. तिच्यापायी थांबली ती. इतकी वर्षं एका घरात राहिलो, मी कधी विचारलं नाही तिला काय बघतेस म्हणून."

मी लॅपटॉप उघडून खोक्यावर ठेवला आणि सांगायला लागले, मराठीत, सावकाश. हा दूरचा दिवा, त्याच्याकडे बघायचं नाही. हे मधले ढग. ही आपल्या हवेची रेघ, ही जागची हलत नाही. आणि तिच्या शेजारी ही. एखादा तारा कधी तरी तिथे जळून गेला, त्याची ही राख. मी एकदाही अडखळले नाही. मावशींनी चष्मा पुसला, वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या आणि त्या रेघेवर बोट टेकवलं. बोटाखाली ती पूर्ण झाकली गेली. त्यांनी बोट उचलून पुन्हा पाहिलं.

"एवढीशी?"

"एवढीशीच, मावशी," मी म्हणाले. "पण आहे."